मेजर म्हणायचे

सिग्नलला बस थांबली आणि खिडकीतून मला माझी मुलगी रडताना दिसली. एका बंद दुकानाच्या पायरीवर ती बसली होती. मांडीवर पिवळं हेल्मेट उपडं ठेवलेलं, एक हात कपाळावर. तिच्या मागे पत्र्यांचं कुंपण आणि कुंपणाच्या वर नव्या पादचारी पुलाचे दोन अर्धवट खांब, त्यांच्या डोक्यातून सळया विंचरायच्या राहिलेल्या केसांसारख्या उभ्या. हे तिचं काम, एवढं मला ठाऊक होतं. ते याच रस्त्यावर चाललंय हे ठाऊक नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं. चाळिशी ओलांडलेली बाई भर सकाळी, भर रस्त्यात, आवाज न करता रडत होती आणि येणारे-जाणारे तिच्या पायांना वळसा घालून पुढे जात होते. मी डोळ्यांच्या डॉक्टरकडून परतत होतो. उतरायला हवं हे मला त्याच क्षणी कळलं, हात समोरच्या दांडीवर गेलासुद्धा. पण त्याच्या आधीच मनात एक वाक्य पूर्ण होऊन बसलं होतं. ही मेजरांसाठी रडते आहे. आणि त्याला लागूनच दुसरं: माझ्यासाठी रडेल का अशी? सिग्नल सुटला, बस हलली, शेजारच्या माणसाने मला उतरायचंय असं समजून गुडघे बाजूला घेतले होते ते परत सरळ केले. मी दांडी सोडली नाही. पुढचे सगळे थांबे मी ती तशीच धरून बसलो होतो.

मेलेल्या माणसाचा हेवा करणं हा किती खालच्या दर्जाचा प्रकार आहे हे मला समजतं. पण मी त्याच्या पैशाचा, हुद्द्याचा किंवा छातीवरच्या पदकांचा हेवा करत नव्हतो. मला त्या रडण्याचा हेवा वाटत होता. कपाळावरचा तो हात, ते वाकलेले खांदे, हे सगळं मी मनातल्या मनात माझ्या नावावर करून पाहत होतो आणि ते बसत नव्हतं. माझ्या मागे ती कशी असेल हे मला स्पष्ट दिसत होतं. येईल, सगळी धावपळ नीट करील, आईला औषधं वेळेवर देईल, माझी पुस्तकं कुठल्या वाचनालयाला द्यायची याची चौकशी करील. डोळे पुसेलही. पण अशी पायरीवर बसणार नाही.

मेजर म्हणजे माझे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे यजमान. महिन्यापूर्वी गेले. सैन्यात इंजिनियर होते आणि निवृत्त झाले तेव्हा हुद्दा मेजरच्या बराच वर पोचला होता, पण आमच्या घरात ते ज्या हुद्द्यावर पहिल्यांदा आले त्याच हुद्द्यावर राहिले. त्यांचं काम पुलांचं. तेही कायमच्या पुलांचं नव्हे. लोखंडी चौकटी एकीला एक जोडत नदीवर ढकलायच्या, वरून गाड्या, माणसं, तोफा जाऊ द्यायच्या आणि काम झालं की तो पूल पुन्हा सोडवून, मोजून, ट्रकवर चढवून न्यायचा. प्रत्येक सांध्यात एक जाड पिन. ती नीट बसली की नाही हे त्यांच्याकडे नुसतं बघून चालत नसे. असले पूल पुष्कळदा अंधारात, दिवा न लावता जोडावे लागत, म्हणून हाताने चाचपायचं आणि मोठ्याने सांगायचं, ‘पिन, बसली.’ ज्याने हात लावला नाही त्याने सांगायचं नाही. मग दिवसाढवळ्यासुद्धा तसंच. ‘डोळा आळशी असतो,’ ते म्हणायचे, ‘हाताला विचार.’ ही सवय त्यांनी घरातही आणली. रजेवर आले की बूट काढायच्या आधी घरभर फिरून दारं, कड्या, नळ, दिव्यांची बटणं सगळ्यांना हात लावून यायचे. बाहेर पडताना गॅसच्या बटणावर हात ठेवून ‘गॅस, बंद’, खिडकीवर हात ठेवून ‘खिडकी, बंद’, आणि शेवटी दारात उभ्या असलेल्या प्रत्येक पोराच्या डोक्यावर हात ठेवून ‘हा, आहे’, ‘हा, आहे’, ‘ही, आहे’. ही म्हणजे माझी मुलगी. पोरं खिदळायची. मीही तिथेच उभा असायचो, हातात पिशवी घेऊन. मला वाटायचं, कोणीतरी माझ्याही डोक्यावर हात ठेवून ‘हा, आहे’ म्हणावं. आणि ते वाटलं की मला स्वतःची भयंकर लाज वाटायची.

ती नऊ-दहा वर्षांची असताना एकदा आम्ही सगळे त्यांच्या छावणीवर गेलो होतो. नदीवर सरावासाठी पूल टाकला होता. मेजरांनी तिला बोट धरून नेलं आणि एकेका सांध्याशी बसवून पिना चाचपायला लावल्या. दोघं पुलाच्या मध्यावर पोचली, तिच्या दोन वेण्या वाऱ्यावर उडत होत्या. वेण्याही त्यांनीच घातल्या होत्या सकाळी. दोर विणतात तशा विणलेल्या, दोन दिवस सुटल्या नाहीत, आणि तिने आईला त्या सोडू दिल्या नाहीत. मला उंचावर चक्कर येते. मी काठावर, एका उलट्या होडीवर पुस्तक घेऊन बसलो होतो. वरून तिचा आवाज आला, बारीक पण खणखणीत, ‘पिन, बसली!’ आणि मागोमाग मेजरांचा, जसं काही ते त्यांच्या वरिष्ठाला जबाब देत होते, ‘बसली, साहेब!’ मी पुस्तकातलं तेच पान पुन्हा वाचायला लागलो. संध्याकाळी पूल सोडवून नेला, नदी मोकळी झाली. पण माझी मुलगी त्या पुलावरून काही खाली उतरली नाही. ती इंजिनियर झाली. लोक विचारत, ‘कोणाच्या वळणावर गेली ही?’ आणि माझी बायको मोकळेपणाने सांगायची, ‘भावोजींच्या. यांच्याकडे आहे काय, शाई आणि चष्मा!’ सगळे हसायचे. मीही हसायचो. ते खरंच होतं. मी आयुष्यभर मुद्रितं तपासली, दुसऱ्यांनी लिहिलेल्या वाक्यांत निसटलेली अक्षरं शोधली. माझं स्वतःचं वाक्य कुठेही छापलेलं नाही.

मला ती ‘अहो बाबा’ म्हणते. त्यांना ‘ए काका’ म्हणायची. ‘बाबा, तुम्ही जेवलात का?’ आणि ‘काका, तू वेडा आहेस का रे?’ हे दोन आवाज एकाच गळ्यातून निघायचे. मला आदर मिळाला. आदर हा फार एकाकी पदार्थ आहे, खुंटीला टांगून ठेवलेल्या कोटासारखा; कोणी त्याला मिठी मारत नाही.

चुका शोधणं हा धंदा असल्यामुळे मी मेजरांच्याही चुका शोधल्या, नेमाने, वर्षानुवर्षं. ते घोरायचे. बेसूर गायचे आणि कडव्यांची सरमिसळ करायचे. कुठलंही पुस्तक त्यांनी कधी शेवटपर्यंत वाचलं नाही. मी भेट दिलेली सुद्धा. एकच विनोद दर भेटीत सांगायचे आणि आधी स्वतःच हसायचे. त्यांच्या दोन्ही मुलांच्या जन्माच्या वेळी ते कुठल्या तरी नदीवर होते. धाकटा तर त्यांना पहिल्यांदा पाहून आईच्या मागे लपला आणि ओरडला, ‘या माणसाला घरी जाऊ दे!’ ही माझ्या हाती लागलेली सगळ्यात मोठी चूक. मी ती जपून ठेवली होती, कधीतरी, कोणाला तरी सांगायला. पण ती गोष्ट मेजर स्वतःच सांगायचे. वर पुढचं जोडायचे: ‘मग काय, मी बाहेर गेलो, बेल वाजवली, म्हणालो, नळ दुरुस्त करायला आलोय. तेव्हा आत घेतला पठ्ठ्याने. तीन दिवस नळवालाच होतो मी.’ मुलगा मोठा झाला, स्वतः बाप झाला, तरी ही गोष्ट ऐकताना त्यांच्या मांडीवर थाप मारायचा. मेजरांनी माझ्यासाठी काही शिल्लकच ठेवलं नाही. ताईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांनी घरभर भिंतींना कमरेच्या उंचीवर दोर बांधले, धरून चालायला. सत्तरीचा माणूस दोराला स्वतः लोंबकळून बघत होता, भार घेतो का ते. हे पाहून माझी बायको मला म्हणाली होती, ‘बघा!’ तो ‘बघा’ अजून माझ्या कानात आहे.

घरी पोचलो तेव्हा बायको साडीला इस्त्री करत होती. संध्याकाळी मेजरांच्या आठवणींचा कार्यक्रम होता, त्यांच्या इमारतीच्या सभागृहात. कोणी कोणी बोलायचं हे ताईंनी ठरवलं होतं आणि त्यात मी होतो. ‘लिहून झालं का तुमचं?’ बायकोने विचारलं.

‘होतंय.’

‘आठवडा झाला होतंय. चार वाक्यं तर बोलायची आहेत. माणूस चांगला होता, एवढं म्हटलंत तरी पुरे.’

‘तेच जरा नीट म्हणायचंय.’

‘तुमचं नीट म्हणेपर्यंत लोक घरी जातील.’ तिने इस्त्री उभी केली आणि माझ्याकडे पाहिलं. ‘डॉक्टर काय म्हणाले?’

‘ठीक आहे म्हणाले. स्पष्ट दिसतंय.’

मुलीला पाहिल्याचं मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, मग उतरला का नाहीत? ती बहिणीकडे मदतीला पुढे गेली. मुलगी संध्याकाळी गाडी घेऊन मला न्यायला येणार होती. मी टेबलाशी बसलो. कागदावर लिहिलं, ‘मेजर हे मोठ्या मनाचे गृहस्थ होते.’ मग ‘मोठ्या’ खोडलं, ‘मोकळ्या’ केलं. मग ‘गृहस्थ’ खोडलं. शेवटी फक्त ‘मेजर होते’ एवढंच उरलं आणि ते मात्र बिनचूक वाटलं. मागच्या आठवड्यात ताईंना भेटायला गेलो होतो तेव्हाचं आठवलं. त्या दोराला धरूनच दारापर्यंत आल्या होत्या. निघताना म्हणाल्या, ‘हे तुमच्याबद्दल नेहमी म्हणायचे हो...’ एवढ्या वर्षांत मी त्यांच्याबद्दल काय काय म्हणत आलो, मनातल्या मनात. ते माझ्याबद्दल काय म्हणत असतील? माझ्या वाचनाबद्दल? मी न बोलता बसतो त्याबद्दल? कदाचित, कदाचित त्यांनाही कधी... ‘...की तुमच्या डाव्या बुटाची टाच बाहेरून झिजते. म्हणजे चालताना भार एकीकडे पडतो. त्यांनी मोची पण बघून ठेवला होता. मग राहिलंच.’ मी खाली पाहिलं. टाच झिजलेलीच होती. मला स्वतःला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी घरी जाईपर्यंत प्रत्येक पावलाला मी त्यांच्यावर चिडत होतो, की हा माणूस मला बघत होता, आणि हेव्याने नव्हे.

मुलगी आली ती चेहरा धुऊन, केस नीट बांधून, साधे कपडे घालून. डोळ्यांखाली मात्र सूज होती. ‘निघायचं, बाबा?’ म्हणाली. मी बूट घालायला खुर्चीत बसलो आणि लेस ओढता ओढता, तिच्याकडे न बघता बोलून गेलो, ‘सकाळी मी तुला पाहिलं. बसमधून.’

तिच्या हातातल्या किल्ल्यांचा आवाज बंद झाला.

‘काकांची आठवण येत असेल,’ मी म्हणालो. हे वाक्य मी दिवसभर तयार केलं होतं. त्यात समजूतदारपणा होता, मोठेपणा होता, आणि त्याच्या पोटात काय होतं ते फक्त मला माहीत होतं.

‘काकाची?’ ती म्हणाली. मग समोरच्या स्टुलावर बसली. ‘नाही हो, बाबा. माझं काम काढून घेतलं. आज सकाळी.’

आणि मला आनंद झाला. हे लिहितानाही हात अडखळतो, पण दुसरा शब्द नाही. माझ्या मुलीचं काम गेलं होतं, ती माझ्यासमोर सुजल्या डोळ्यांनी बसली होती, आणि माझा जीव भांड्यात पडला होता. ते रडणं त्यांचं नव्हतं! दिवसभर छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं, मी मोकळा श्वास घेतला आणि तिला वाटलं की बाबांनी धक्क्याने सुस्कारा सोडला. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. ‘घाबरू नका, नोकरी आहे. फक्त या पुलावरून बाजूला केलं. ऑफिसात बसायचं आता.’

‘पण का?’

तिने सांगितलं. मी तांत्रिक भाग सोडून लिहितो, कारण तो मला तिच्या तोंडूनही अर्धाच कळला. खांबाच्या पायात सळयांचा पिंजरा बांधतात आणि त्यावर काँक्रीट ओततात. ओतायच्या आधी ती स्वतः खाली उतरून सगळे सांधे हाताने चाचपते. तिथली माणसं हसतात तिला, मॅडमची पूजा चाललीय म्हणतात. पण ती चाचपते. मेजर गेले त्या दिवशी ती आमच्याबरोबर होती. तिकडे तिच्या हाताखालच्या इंजिनियरने फोटो काढले, तपासलं, सगळं बरोबर आहे म्हणून सही केली आणि काँक्रीट ओतून टाकलं. त्याला तसा अधिकार होता. त्याची काही चूक नव्हती. ही परत गेली तर पाया भरून तयार.

‘फोटो पाहिले मी. पुन्हा पुन्हा पाहिले. सगळं ठीक दिसत होतं, पण मी हात लावला नव्हता, बाबा. मला झोप येईना. रोज त्याच्यावरून माणसं चालताना दिसायची. शेवटी मी तो फोडायला लावला.’

‘आणि?’

‘आणि काय! सगळं जागच्या जागी. एक तार इकडची तिकडे नाही.’ ती हसली, पण ते हसणं वाकडं झालं. ‘कंत्राटदाराने आकाशपाताळ एक केलं. साहेब म्हणाले, दुःखात माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही, तुम्ही जरा विश्रांती घ्या. सगळ्यांसमोर म्हणाले. म्हणजे मी वेडीच ठरले.’ तिने नाक पुसलं. ‘मला एकच कळत नाही. मी बरोबर केलं, की मी खरंच वेडेपणा केला? काका असता तर मी सरळ गेले असते त्याच्याकडे. त्याला विचारलं असतं. आता कोणाला विचारू?’

मी तिच्यासमोर, एका पायात बूट घालून बसलो होतो. कोणाला विचारू, असं तिने मलाच विचारलं होतं. तिला त्यातलं काही जाणवलंसुद्धा नाही. आनंद जसा आला तसाच गेला. रडणं त्यांचं नव्हतं, पण ज्याला सांगावं तो माणूस तेच होते. आणि तरीही त्या क्षणी मला स्पष्ट दिसलं की मेजर असते तर काय झालं असतं. चाळीस वर्षं मी त्यांना ज्या बारकाईने पाहिलं होतं तसं त्यांच्या बायकोनेही पाहिलं नसेल; प्रेम करणाऱ्याच्या नजरेतून पुष्कळ सुटतं, माझ्या नजरेतून काही सुटलं नव्हतं. त्यांनी काहीही उत्तर दिलं नसतं. ‘फोडलास? शाब्बास!’ म्हणून तिच्या पाठीत एक धपाटा घातला असता, मोठ्याने हसले असते, आणि तेवढ्याने ती उठून उभी राहिली असती. त्या धपाट्यात सगळा अर्थ असायचा. माझ्या हातात तो धपाटा नाही. मी तिच्या पाठीवर थाप मारली असती तर तिने दचकून विचारलं असतं, काय झालं, बाबा, बरं वाटत नाही का? माझ्याजवळ वाक्यं होती, दुसऱ्यांची, हजारो, आणि त्या हजारोंच्या खालून एक वाक्य वर आलं, आधी अर्धं, मग सगळं. मी ते मनातल्या मनात एकदा तपासलं. कुठे काही बदलावंसं वाटलं नाही. असं माझ्या बाबतीत कधी झालं नव्हतं.

पण ते माझं म्हणून सांगून उपयोग नव्हता. ‘जेवून घे’, ‘गाडी हळू चालव’ या माझ्या वाक्यांबरोबर तिने तेही मान हलवून ऐकून घेतलं असतं. त्यावर भार टाकला नसता. तिला त्यावर उभं राहायचं होतं.

‘काका एकदा म्हणाले होते मला,’ मी म्हणालो.

तिने वर पाहिलं.

‘म्हणाले, फोडून बघितलं म्हणून ते बरोबर निघालं. त्याआधी ते बरोबर नव्हतं, नुसतं झाकलेलं होतं.’

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, त्याची पिपाणी वाजत होती. ‘पुन्हा सांगा,’ ती म्हणाली. मी पुन्हा सांगितलं. तिचे ओठ माझ्याबरोबर हलले. मग तिच्यातली इंजिनियर जागी झाली. ‘कधी म्हणाला? कशावरून?’

मला वाटलं, संपलं. पण खोटं बोलायला इतकं सोपं असतं हे मला या वयात कळायचं होतं. ‘एकदा एक पूल अर्धा जोडून झाल्यावर त्यांनी एक सांधा परत उघडायला लावला म्हणे. हात लावायचा राहिला होता. सगळं ठीक निघालं. माणसं वैतागली, वरचे साहेब रागावले. तेव्हाचं सांगत होते. आपल्या गॅलरीत बसलो होतो.’

‘मला कसं नाही कधी सांगितलं त्याने?’

‘असं... निघालं बोलण्यात.’

‘तुम्हालाच सांगितलं,’ ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात एक बारीकसं कुसळ होतं. मी ते लगेच ओळखलं. मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार! माझ्या मुलीला माझा हेवा वाटला होता. मेजर तिला न सांगता मला काहीतरी सांगून गेले याचा. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी माझा हेवा वाटला. दुसरा बूट घालता घालता मी तो एखादा चोरून खाल्लेला घास तोंडात घोळवावा तसा घोळवत राहिलो. गाडीत ती दोनदा स्वतःशीच हसली. एकदा म्हणाली, ‘नुसतं झाकलेलं होतं,’ आणि गियर बदलला. तिचा हात गियरवर स्थिर होता. बाप म्हणून मला बरं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. खोटं बोलत नाही. पण त्याच वेळी ते वाक्य माझ्यापासून दूर जाताना मला दिसत होतं.

सभागृहात खुर्च्या भरल्या होत्या. समोर टेबलावर मेजरांचा फोटो, गणवेशातला नव्हे, अंगात जुना स्वेटर, हातात पाना, कोणीतरी हाक मारल्यावर वळून बघताना काढलेला. दोन्ही मुलं बोलली. धाकट्याने नळवाल्याची गोष्ट सांगितली, लोक हसता हसता डोळे पुसत होते. ताई पहिल्या रांगेत ताठ बसून होत्या. मग माझी मुलगी उठली. तिच्या हातात कागद नव्हता. तिने वेण्यांचं सांगितलं, पिनांचं सांगितलं, आणि मग, माझ्याकडे न बघता, स्वतःचं सगळं सांगून टाकलं. फोडलेला पाया, काढून घेतलेलं काम, सकाळची पायरी. माझी बायको माझ्या शेजारी एकदम ताठ झाली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ‘आज दिवसभर मी विचार करत होते की काका काय म्हणाला असता,’ मुलगी म्हणाली. ‘आणि मग मला कळलं की तो म्हणून ठेवून गेलाय.’ तिने ते वाक्य सांगितलं. सावकाश, प्रत्येक शब्दावर हात ठेवत गेल्यासारखं. तिच्या तोंडी ते जास्त चांगलं वाटलं. ‘उद्या मी साहेबांकडे जाणार आहे,’ ती म्हणाली, ‘आणि हेच सांगणार आहे. माझा पूल मला परत हवाय.’

मग मागच्या रांगेतून एक म्हातारा उभा राहिला, मेजरांच्या तुकडीतला, काठीवर दोन्ही हात. ‘होतो ना मी त्या पुलावर,’ तो म्हणाला. ‘सांधा उघडायला लावला होता साहेबांनी. शिव्या घातल्या आम्ही मनातून. अगदी हेच म्हणाले होते. याच शब्दांत.’ ताई मान हलवत होत्या. ‘मलाही म्हणायचे,’ त्या शेजारणीला म्हणाल्या, ‘किती वेळा म्हणायचे.’

मी खुर्चीची कड धरून बसलो. मला सगळ्यांचे चेहरे दिसत होते. डॉक्टर खोटं बोलले नव्हते, स्पष्ट दिसत होतं. म्हातारा खोटं बोलत नव्हता, ताईही नव्हत्या. आणि कोण जाणे, असा सांधा कुठल्यातरी नदीवर खरंच उघडला गेला असेल, तो माणूसच तसा होता. मला काय माहीत? मी काठावर होतो. माझी मुलगी जागेवर परत येत होती आणि लोक तिचे हात धरत होते. मला हेवा वाटत होता, आणि या खेपेला तो कोणाचा आहे हेही मला नीट सांगता येत नव्हतं. टेबलाशी उभ्या असलेल्या थोरल्या मुलाने माझं नाव पुकारलं.

बायको माझ्या कानाशी वाकली. डोळे भरलेले, पण आवाज नेहमीचाच. ‘ऐकलंत? याला म्हणतात बोलणं. जन्मभर पुस्तकं उपसलीत, असं एक तरी वाक्य सुचलं का कधी तुम्हाला?’

‘नाही,’ मी म्हणालो, आणि बोलायला उठलो.